बॅग उचलून निघणारी नायिका आणि आमचा अर्धा वाटा

मराठी सिरियलमधला एक सीन मला आता बघवत नाही, आणि तो कुठल्या एका सिरियलमधला नाही, जवळपास सगळ्यांत येऊन गेलेला आहे. नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे हे उघड झालंय, घरात व्हायचा तो तमाशा होऊन गेलाय, आणि मग नायिका हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणते, मला तुमच्याकडून काही नको. मंगळसूत्र काढून देवासमोर ठेवते, कपाटाची किल्ली सासूच्या हातात देते, एक बॅग उचलते आणि उंबऱ्याबाहेर पडते. मागे टायटल साँगची धून संथ करून लावलेली, सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी, कॅमेरा सगळ्यांच्या तोंडावरून फिरून परत तिच्यावर. आणि इथे गोव्यात, डिचोलीत, पेडण्यात, फोंड्यात घरोघरी बायका डोळे पुसत म्हणतात, पळय गो, कितली मानी बायल, एक पयसोय घेवंक ना.

मला या कौतुकाबद्दल बोलायचंय. ती बाई मानी आहे हे खरंच, तिचा अपमान झालाय आणि तिला त्या घरात आता एक रात्रही काढायची नाही हे कोणालाही कळेल, पण घर सोडणं वेगळं आणि घरावरचा हक्क सोडणं वेगळं, आणि सिरियलवाले गेली कित्येक वर्षं या दोन्ही गोष्टी त्या एकाच बॅगेत भरून दाखवतायत, त्यामुळे बघणाऱ्यांनाही त्या एकच वाटायला लागल्यात. महाराष्ट्रातल्या बाईसाठी हे वाईट आहेच, पण गोव्यातल्या बाईसाठी जास्त वाईट, कारण आमच्याकडे लग्न नोंदवलं की घरातला अर्धा वाटा कायद्यानेच तिचा होतो, म्हणजे ‘मला काही नको’ म्हणताना ती नवऱ्याचं काही नाकारत नसते, स्वतःचंच सोडून देत असते.

आधी एक सांगून ठेवते, सिरियल बघणाऱ्या बायकांना हसणारे लोक मला आवडत नाहीत. संध्याकाळी दिवा लावून झाला की आमच्या घरी टीव्ही सुरू होतो, आई असते, मामी असते, शेजारची वहिनी येते, मी कामावरून आले की मीही बसते. तिथे जे बोलणं चालतं ते दुसरीकडे कुठेच चालत नाही. नवऱ्याने हात उगारला तर काय करायचं, सुनेचा पगार कोणाच्या हातात जायला हवा, म्हाताऱ्या सासूला कोण बघणार, बहिणीला काय द्यायचं, या गोष्टी स्वतःच्या घरातल्या म्हणून कोणी तोंडातून काढत नाही, पण सिरियलमधल्या अनिरुद्धच्या नाहीतर गुरुनाथच्या, बाहेर दुसरी बाई असलेल्या नवऱ्यांच्या, नावाने त्याच गोष्टी बिनधास्त बोलता येतात. मामी गुरुनाथला शिव्या घालायला लागली की समोर बसलेल्या पुरुषांपैकी एखादा उठून बाहेर जातो, आणि तो का गेला हे सगळ्यांना कळलेलं असतं. म्हणून मी या रिॲक्शन्सना फालतू मानत नाही. बाई कुठे रडली, कुठे चिडली, कोणाला शाबासकी दिली यावरून तिला काय बरोबर वाटतं ते कळतं, आणि मुख्य म्हणजे रोज बघून बघून काय बरोबर वाटायला लागलंय तेही कळतं.

गोव्यातला प्रेक्षक तर पिढ्यान्‌पिढ्या असाच आहे. जत्रेला देवळासमोर मांडव, रात्रभर मराठी नाटक, गावातलेच लोक पार्ट करणार आणि बघणारे त्यांच्यासोबत रडणार, खलनायकाला बोलणार. या लोकांनी ‘एकच प्याला’ किती वेळा बघितलंय. 1919 सालचं नाटक, बालगंधर्वांनी गाजवलेली सिंधू, नवरा दारूत बुडालाय, भाऊ माहेरी चल म्हणतोय, तरी ती जात नाही, दळण दळून दिवस काढते. बायका तेव्हाही रडायच्या. सिंधू घर सोडत नव्हती आणि आजची नायिका सोडते, शंभर वर्षांत एवढं तरी पुढे आलोय, पण दोघींच्याही हातात शेवटी काहीच नाही, आणि त्या रिकाम्या हातालाच आपण अजून नमस्कार करतो, हे मला टोचतं.

लिहिणाऱ्यांना विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, प्रेक्षकांना हेच आवडतं. आता यात एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1984 साली दूरदर्शनवर ‘हमलोग’ आलं, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेलं, मेक्सिकोत सिरियलमधून लोकशिक्षण करायचा जो प्रयोग झाला होता त्यावरून घेतलेलं. त्यात भागवंती नावाची आई होती, दारुड्या नवऱ्याचं आणि सासूचं सगळं निमूट सोसणारी. करणाऱ्यांचा हेतू असा की हिच्याकडे बघून बायकांना वाटावं, असं जगू नये. प्रेक्षकांची 4 लाखांच्या आसपास पत्रं आली, नंतर अभ्यासकांनी त्या पत्रांचा आणि प्रेक्षकांचा अभ्यास केला, तर निघालं काय, पुष्कळ प्रेक्षकांना, त्यात बायकाही आल्या, भागवंती आदर्श वाटली होती. सोसणारी बाई पडद्यावर आली की आपल्याला ती आपोआप मोठी वाटते, ती चुकतेय असं दाखवलं तरी मोठी वाटते. मग जिथे ती चुकतेय असं दाखवतच नाहीत, उलट स्लो मोशनमध्ये तिची आरती ओवाळतात, तिथे काय होत असेल?

आणि एक फार वाईट सवय या सिरियल्सनी लावलीय ती कागदांच्या बाबतीत. नीट आठवून बघा, सिरियलमध्ये प्रॉपर्टी हा शब्द कोण उच्चारतं. कारस्थानी जाऊ, लोभी नणंद, नवऱ्याची दुसरी बाई, तिचा भाऊ. चांगल्या बाईच्या तोंडून तो शब्द कधीच येत नाही. कागद येतो तोही कपटानेच येतो, चार फाइलींच्या मध्ये एक कागद सरकवायचा आणि चांगली बाई न वाचता सही करणार, कारण आपल्या माणसाने दिलेला कागद वाचणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. पुढे तीन महिने त्या सहीवरून रडारड. या तीन महिन्यांत एकही पात्र तिला असं म्हणत नाही की अगं सही करायच्या आधी वाचायला हवं होतंस, दुसऱ्या दिवशी येते म्हणायचंस, कोणाला तरी दाखवायचंस. वाचून सही करणारी, आपलं काय आहे ते विचारणारी, हिशोब मागणारी बाई जर पडद्यावर दरवेळी व्हिलनच असेल तर आमच्या गावातल्या एखाद्या बाईने नोटरीसमोर बसून ‘थांबा, मला वाचू द्या’ असं म्हणायला कुठून धीर आणायचा?

इथे गोव्याचा कायदा थोडा सविस्तर सांगते, कारण गोव्याबाहेरच्या वाचकांना तो बहुतेक माहीत नसतो आणि गोव्यातल्या पुष्कळ बायकांनाही तो अर्धवटच माहीत असतो. पोर्तुगालचा 1867 चा सिव्हिल कोड 1870 पासून गोव्यात लागू झाला, गोवा मुक्त झाल्यावर 1962 च्या कायद्याने तो तसाच ठेवला. हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांना. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते, आधीची, वारशाने आलेली, नंतर कमावलेली, थोडे अपवाद सोडले तर सगळी, आणि तिच्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. घर किंवा जमीन विकायची तर दोघांची सही लागते. लग्न मोडलं तर ते अर्धं-अर्धं वेगळं करायचं. आईबापांनाही आपल्या वाट्यातलं निम्मंच मर्जीप्रमाणे देऊन टाकता येतं, उरलेलं निम्मं मुलांसाठी राखीव, त्यात मुलगा-मुलगी सारखेच. या कायद्यात खोडी नाहीत असं नाही, कारभार नवऱ्याच्या हातात ही जुनी खोड त्यात आहेच, पण अर्धा वाटा हा अर्धा वाटा आहे, तो कोणाची मेहेरबानी नाही.

हे नुसतं पुस्तकात आहे असंही नाही. गोव्यातला कुठलाही पेपर उघडा, आतल्या पानावर वारसाच्या दस्ताच्या नोटिसा असतात, अमुक वारले, त्यांची पत्नी ही अर्ध्याची मालकीण, मुलगा अमुक, त्याची बायको, मुलगी अमुक, तिचा नवरा, आणि प्रत्येक जोडप्यापुढे लिहिलेलं, मालमत्तेच्या सामाईकतेखाली विवाहित. जावई आणि सुनांची नावंसुद्धा त्यात असतात कारण त्यांचाही हिस्सा त्यात गुंतलेला असतो. माझी आई ती नोटीस आधी वाचते आणि मग बाकीचा पेपर. इन्कम टॅक्सचा रिटर्न भरताना गोव्यातल्या माणसाला विचारतात की तुम्हाला पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू आहे का, कारण आयकर कायद्यात त्यासाठी वेगळं कलम आहे आणि त्याप्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं म्हणा, व्याज म्हणा, नवरा-बायकोत अर्धं-अर्धं धरतात. म्हणजे सरकारसुद्धा तिचा अर्धा वाटा मोजतं. मोजत नाही ती फक्त सिरियल, आणि सिरियल बघून बघून मग तिच्या घरचे, आणि शेवटी ती स्वतः.

आमच्या नात्यातली एक ताई, नाव सांगत नाही. वडील गेल्यावर दुसऱ्या वर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळी भावंडं मूळ घरी जमली, गणपतीवरची माटोळी बांधून झाली, दुपारची जेवणं झाली, आणि मग भावाने विषय काढला की घर आणि बागायत दोघा भावांच्या नावावर करायचीय, तुझी आणि भावोजींची सही लागेल. भाऊ वाईट नव्हता, अजूनही नाही. तो म्हणाला तुला काय कमी आहे, तुझं वजें, सणाला माहेरून येणारी भेट, कधी चुकवलंय का आम्ही. ताईला कोणी जबरदस्ती केली नाही. ती म्हणाली, मला काही नको, मला माझं माहेर हवं. सगळ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, वहिनीने तिला मिठी मारली, मोठ्या आत्येने सगळ्यांसमोर तिचं नाव काढलं, आणि मी तिथे बसून बघत होते तर मला कळत होतं की हा सीन आम्ही सगळ्यांनी आधी बघितलेला आहे, प्रत्येकाला आपलं काम पाठ आहे, कोणी कधी रडायचं, कोणी कधी पुढे व्हायचं. पुढे काही वर्षांनी भावोजींचं मोठं आजारपण निघालं. भावांनी पैसे दिले, मनापासून दिले. पण तिला मागावे लागले. फोन करायच्या आधी ती दोन दिवस जेवली नव्हती, हे तिनेच मला नंतर सांगितलं. जे तिचं होतं त्यातलंच तिला मागावं लागलं आणि वर आभार मानावे लागले, आणि ते मानताना तिला खरंच वाटत होतं की भावांनी उपकार केले.

ताईला मी दोष देत नाही. माहेर तुटेल ही भीती खोटी नसते, कित्येकींचं तुटलेलंही आहे. सही नाही केली तर चवथीला कोण बोलावणार, हा प्रश्न प्रत्येकीच्या पोटात असतो. पण मग एवढा मोठा प्रश्न, हजारो घरांतला, दरवर्षीचा, आणि सिरियल त्याच्याकडे बघायलाच तयार नाही. वाटा मागितला आणि माहेरही टिकलं अशी एक बहीण दाखवा ना. सहा महिने भाऊ बोलला नाही आणि सातव्या महिन्यात बोलायला लागला असं दाखवा, असंही होतं, मी बघितलंय.

‘रात्रीस खेळ चाले’ आठवतं का? 2016 ला सुरू झालं, आकेरीतला नाईकांचा वाडा, आमच्या पत्रादेवीच्या पलीकडे बांदा आणि तिथून पुढे सावंतवाडीकडे गेलं की जवळच. भाषा मालवणी, माणसं ओळखीची, त्यामुळे गोव्यात ते किती लोकांनी बघितलं असेल याची कल्पना करता येते. त्यातले अण्णा नाईक पुढे केवढे लोकप्रिय झाले. अण्णा म्हणजे जुलमी माणूस, दुसऱ्यांच्या जमिनी बळकावणारा, घरात बायको माई असताना शेवंतापाशी जाणारा, आणि तरी लोक त्यांच्या डायलॉगवर खूश. अण्णा करणाऱ्या माधव अभ्यंकरांचं काम फार चांगलं होतं हे खरंच, चांगल्या कामाला दाद द्यायलाच हवी. पण आमच्या घरी जेव्हा अण्णांच्या मुलांच्या, माधव, दत्ता आणि अभिरामच्या, वाटणीची चर्चा चालायची तेव्हा एकटी मामी विचारायची, आनी छायेचो वांटो खंय? सगळे तिच्याकडे बघायचे. छाया घरातली मुलगी आहे, तिलाही वाटा असतो हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मामीला का सुचलं, तर तिने स्वतः कधीकाळी सही केलेली आहे. असा प्रेक्षक आहे आमच्याकडे, आणि त्याच्यासाठी कोणी लिहीत नाही.

रागाचंही तसंच आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ चालू असताना सगळा राग गुरुनाथच्या दुसऱ्या बाईवर, शनायावर. ‘आई कुठे काय करते’मध्ये अरुंधतीला लग्नाच्या 25 व्या वाढदिवसालाच नवऱ्याचं खरं कळलं, आणि बायकांनी शिव्या मोजल्या त्या संजनाला. गुरुनाथ तर कॉमेडी झाला होता, दोन्हीकडून मार खाणारा बिचारा. दुसऱ्या बाईवर राग काढला की नवऱ्याकडे हिशोब मागायचं राहून जातं, आणि सिरियललाही तेच सोयीचं पडतं, कारण दोन बायका भांडत राहिल्या तर हजार एपिसोड निघतात, नवऱ्याला हिशोब विचारला तर गोष्ट पन्नास एपिसोडांत संपेल अशी त्यांना भीती. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ने एक चांगली गोष्टही केली, ती मी विसरणार नाही. नागपूरची साधी राधिका मसाल्यांचा धंदा काढते, मोठी कंपनी उभी करते. कंपनी जरा फारच पटकन वाढली हे मान्य, पण त्या दिवसांत आमच्या वाड्यावरच्या बायका कोकमाच्या आणि लोणच्याच्या धंद्याबद्दल बोलायला लागल्या होत्या, बचत गटाच्या मीटिंगमध्ये राधिकाचं नाव निघायचं. म्हणजे पैशाचं बोललं की प्रेक्षक पळतो हे खरं नाही. बाईच्या हातात पैसा आलेला बघायला बायकांना आवडतं. फक्त तो नव्याने कमावलेला का असावा लागतो? वीस-पंचवीस वर्षं घर चालवलं त्याचा पैसा नसतो का? राधिकाने जे उभं केलं ते शून्यातून केलं म्हणून कौतुक, आणि ती शून्यावर का आली हे कोणी विचारलं नाही.

कोणी म्हणेल की या गोष्टी ठाण्या-पुण्याच्या आहेत, तिथे गोव्याचा कायदा नाही, तिथल्या बाईला नवऱ्याच्या मालमत्तेत असा सरळ अर्धा वाटा मिळत नाही, मग लेखकाने तो कुठून दाखवायचा. बरोबर आहे. पण तिथलाही कायदा तिला रिकाम्या हाताने पाठवत नाही. हिंदू विवाह कायद्यात पोटगी आहे. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात राहत्या घरात राहायचा हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो, आणि 2020 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सासरच्या नातेवाइकांच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं. म्हणजे सिरियलमधली सासू जे रोज ‘चालती हो माझ्या घरातून’ म्हणते ना, ते तिला असं सहजासहजी करता येत नाही. हे एका एपिसोडमध्ये, एका वाक्यात, एखाद्या शेजारणीच्या तोंडून सांगता आलं असतं. कायदा सांगितला की नाटक मरतं असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा विचार करावा, नवऱ्याने गुपचूप गिऱ्हाईक ठरवलंय, टोकन घेतलंय, सगळे रजिस्ट्रारच्या ऑफिसात जमलेत आणि बायको पेन खाली ठेवून म्हणते मी सही करणार नाही, आणि तिच्या सहीशिवाय विक्री होऊच शकत नाही, यात नाटक कमी आहे का? गोव्यात हे घडतं. शुक्रवारच्या एपिसोडचा शेवट आयता मिळाला.

आणि गोव्याची गोष्ट घ्यायला काय हरकत आहे असंही मी विचारते. टीव्हीचं रेटिंग मोजणारी बार्क मराठी चॅनेलचे आकडे काढते तेव्हा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजार धरते. म्हणजे मोजताना आम्ही आहोत. गोष्टीत मात्र गोवा म्हणजे हनिमून, बीच, नाहीतर व्हिलन लपायला येतो ती जागा. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा कितीतरी मालिकांची युनिट्स इथे आली, इथल्या बंगल्यांत त्यांची घरं उभी राहिली, मे महिन्यात इथे कोरोनाचं फार भयानक झालं, मडगावच्या रवींद्र भवनातल्या शूटिंगला गोवा फॉरवर्ड पक्षाने विरोध केला आणि सरकारच्या एंटरटेन्मेंट सोसायटीने परवानग्या रद्द केल्या, तेवढा एक उन्हाळा. घर गोव्यातलं वापरलं, पण त्या घरात राहणाऱ्या गोव्याच्या बाईची गोष्ट काही कोणाला सुचली नाही. आमच्याकडे सात-बारा नाही, एक-चौदाचा उतारा आहे, लग्नाची सही दोनदा करावी लागते, आधी इच्छा सांगायची आणि मग काही दिवसांनी परत जाऊन पक्कं करायचं, मूळ घरात चौदा वारस आणि त्यातले चार पोर्तुगालला नाहीतर लंडनला, एका सहीसाठी अडलेलं छप्पर. यातलं काहीच कोणी कधी लिहिलं नाही.

प्रेक्षकांनी ओरडा केला तर काही होत नाही असं मात्र कोणी मला सांगू नये. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये 2001 साली मिहिरला मारलं होतं, लोक एवढे खवळले की मेलेला माणूस परत आणावा लागला. मेलेला माणूस परत येऊ शकतो तर जिवंत बाई वकिलाकडे का जाऊ शकत नाही? आपण कशावर खवळतो हा प्रश्न आहे. आतापर्यंत आपण जोडी तुटली म्हणून खवळलो, नायक मेला म्हणून खवळलो, हिरॉइन बदलली म्हणून खवळलो. बाईने न वाचता सही केली म्हणून कधी खवळलो नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पुढचा प्रोमो येईल, पुढची कोणीतरी बॅग उचलेल, तेव्हा खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. विचारा की घर कोणाच्या नावावर आहे. लग्न कुठे नोंदवलं होतं, सही कशावर केली, वकील केला का, दागिने कोणाकडे राहिले, पोरांच्या फीचं काय ठरलं. मराठीत विचारा, कोकणीत विचारा, चॅनेलवाले कमेंट वाचतात, त्यांच्याकडे त्या कामाला माणसं ठेवलेली असतात. आणि ज्या घरात या वर्षी चवथीला असा काही कागद पुढे येणार आहे तिथल्या बहिणींनी तो घरी न्यायला मागावा, सोमवारी तालुक्याला जाऊन कोणाला तरी दाखवावा, आणि मग द्यायचं तर द्यावं, नाही द्यायचं तर नाही.